कटऑफ ठरवतं तरी कोण?

सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची कटऑफची पीडीएफ एकदा निवांत उघडून बघा. शाखेमागून शाखा, आणि प्रत्येक शाखेखाली बारीक चौकोनांची रांग. चौकोनांच्या डोक्यावर जीओपनएस, एलओबीसीएस, जीएनटी२एस असली अक्षरं आणि आत दोन आकडे. वर मेरिट नंबर, त्याखाली कंसात पर्सेंटाइल, तेही दशांश चिन्हापुढे सात घरांपर्यंत! जून-जुलै आला की साताऱ्यापासून जतपर्यंत घराघरांत हा कागद मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून वाचला जातो. आई एका चौकोनावर बोट ठेवते, बाबा दुसऱ्यावर, पुण्याच्या मामाला फोन जातो, गल्लीतल्या इंजिनिअर झालेल्या दादाला बोलावणं जातं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "एवढ्यावर नंबर लागेल का?"

प्रश्न चार शब्दांचा. पण त्याच्या पोटात शिरलं की एका नोबेल पारितोषिकाचं गणित सापडतं, नीरा नदी सापडते, सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास सापडतो. आत शिरू या.

सगळ्यात आधी, हा कटऑफ ठरवला कोणी? प्राचार्यांनी? प्रवेश परीक्षा घेणाऱ्या मुंबईच्या सीईटी सेलने? मंत्रालयाने? कोणीच नाही! त्या रांगेतल्या सगळ्या जागा भरून झाल्यावर शेवटची जागा ज्या मुलाला किंवा मुलीला मिळाली, त्याचा किंवा तिचा मेरिट नंबर म्हणजे कटऑफ. म्हणजे मुलं परीक्षा देत असतात, निकाल लागतो, फॉर्म भरले जातात, तेव्हा यंदाचा कटऑफ जगात कुठेच नसतो. तो कोणाच्या कपाटात नसतो, कोणाच्या डोक्यात नसतो. जागावाटप झालं की मागे उरतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा सकाळी कोणी दर लिहून आणलेला नसतो. माल किती आलाय आणि घेणारे किती आलेत, यातून दर निघतो. कटऑफ अगदी तसाच निघतो. जागा किती आणि त्या हव्याशा वाटणारे किती, यातून. आणि ही नुसती उपमा समजू नका. एदुआर्दो आझेवेदो आणि जेकब लेश्नो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये रीतसर गणिताने दाखवलं की प्रवेशाच्या व्यवहारात कटऑफ नेमकं तेच काम करतो जे बाजारात किंमत करते. इथे खिशातून पैशांऐवजी मेरिट नंबर काढायचा असतो, एवढाच फरक.

आता यातून काय निघतं बघा. कटऑफच्या आकड्यात कॉलेजचा मोठेपणा थेट कुठेच लिहिलेला नसतो. त्यात लिहिलेली असते ती इतर हजारो मुलांची पसंती. 'वालचंदला आपला नंबर लागेल का' याचा खरा अर्थ होतो, 'आपल्या पुढे असलेल्या मुलांपैकी किती जणांना वालचंद त्यांच्या हातात येणाऱ्या इतर सगळ्या कॉलेजांपेक्षा जास्त आवडेल?' आपल्या पोराचं भविष्य म्हणून आपण ज्याकडे बघतो, तो निम्म्याहून अधिक दुसऱ्यांच्या पोरांच्या मनाचा अंदाज असतो.

ही मुलं रांगेत उभी कशी राहतात, हेही एक नवलच आहे. पीसीएम गटाच्या सीईटीला चार लाखांहून जास्त मुलं बसतात. एकाच वेळी तेवढे कॉम्प्युटर आणायचे कुठून? म्हणून परीक्षा कित्येक दिवस, सकाळ-दुपारच्या पाळ्यांत चालते आणि दर पाळीला प्रश्नपत्रिका वेगळी. मग सोमवारी सकाळी कराडला बसलेल्या मुलीला २०० पैकी १४० मिळाले आणि बुधवारी दुपारी मिरजेला बसलेल्या मुलालाही १४०, तर दोघं सारखी कशी मानायची? तिचा पेपर अवघड असला तर?

यावरचा तोडगा धाडसी आहे. गुणांची तुलना करायचीच नाही! आपल्या पाळीत आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण किती जणांना पडले ते मोजायचं, त्या पाळीला हजर असलेल्यांच्या संख्येने भागायचं आणि शंभरने गुणायचं. झाला पर्सेंटाइल. पेपर अवघड होता? मग तो तुमच्या पाळीतल्या सगळ्यांनाच होता. हजारो मुलांचे मोठमोठे घोळके केले की प्रत्येक घोळक्यात हुशार, मध्यम आणि धडपडणारी मुलं साधारण सारख्याच प्रमाणात येतात, या एका गृहीतकावर हा डोलारा उभा आहे. आणि घोळका मोठा असेल तर ते गृहीतक बऱ्यापैकी खरं ठरतं.

निकालाच्या दिवशी बऱ्याच घरांत एक गोंधळ उडतो. गणितात ९६, फिजिक्समध्ये ९६, केमिस्ट्रीत ९६, आणि एकूण मात्र ९७ च्या पुढे? चूक तर नाही ना झाली? चूक नसते. गणितात तुमच्या पुढे चार टक्के मुलं आहेत, फिजिक्समध्येही चार टक्के आहेत, पण ती तीच मुलं नाहीत. कोणी गणितात वाघ आणि केमिस्ट्रीत ढेपाळलेला, कोणी उलटा. तिन्हीकडे सारखी टिकलेली मुलं थोडी, म्हणून एकूण गुणांच्या रांगेत तुम्ही वर सरकता. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल मिळत नाही. तो एकूण गुणांवरून पुन्हा नव्याने काढला जातो.

आता ती सात घरं. साधा भागाकार करून पाहू. चार लाख मुलं आणि दोनशे गुण, म्हणजे सरासरी धरली तरी एकेका गुणावर दोन हजार मुलं उभी! मधल्या गर्दीत तर त्याहून कितीतरी जास्त. तिथे एखादा प्रश्न बरोबर आला की हजारो मुलं मागे पडतात. वर, १८०-१९० च्या पुढे मात्र रांग विरळ होत जाते. एवढ्या गर्दीत बरोबरी टाळायची म्हणून सात घरं. पण त्यातली गंमत ऐका. एका पाळीला समजा १९,९९७ मुलं हजर आणि दुसरीला २०,४११. दोन पाळ्यांतली दोन मुलं अगदी सारख्या दर्जाची असली तरी भागाकार वेगळा येणार, आणि फरक त्या मागच्या घरांमध्ये दिसणार. तिथला आकडा कोणाची हुशारी मोजत नाही. त्या दिवशी किती जण गैरहजर राहिले, हे तो सांगतो. चौथ्या-पाचव्या घरासाठी ज्या पोरांनी रात्री जागवल्या, त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचावं. सातही घरं सारखी निघाली, तर आधी गणिताचा पर्सेंटाइल बघतात, मग फिजिक्सचा, मग केमिस्ट्रीचा, आणि तरीही बरोबरी उरली तर बारावीचे गुण पुढे येतात.

म्हणूनच जाणकार मंडळी चौकोनातला खालचा आकडा सोडून वरचा वाचतात. पर्सेंटाइल फसवा आहे. तीन लाख मुलं बसली तर ९८ पर्सेंटाइलच्या पुढे सहा हजार जण असतात, चार लाख बसली तर आठ हजार. पर्सेंटाइल तोच, पण दोन हजार मुलं मध्येच वाढली! जागा वाढल्या नसतील तर गेल्या वर्षी ९८ वर मिळालेली शाखा यंदा ९८ वर मिळणार नाही. मेरिट नंबर असा डगमगत नाही. रांगेत आपल्यापुढे किती जण आहेत, हे तो सरळ सांगतो.

पण थांबा, रांग एकच आहे का? इथे ती डोक्यावरची अक्षरं कामाला येतात. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीच्या तीस टक्के जागा. मध्ये प्रवर्ग. आणि शेवटचं अक्षर तर अख्खा नकाशा घेऊन येतं. एच असेल तर आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांच्या जागा, ओ असेल तर बाहेरच्यांच्या, एस असेल तर राज्यभर खुल्या. एच आणि ओ ज्या कॉलेजांत असतात, तिथे सत्तर आणि तीस टक्के अशी विभागणी असते. आपलं विद्यापीठ म्हणजे शिवाजी विद्यापीठ. स्थापना १९६२ ची, आणि क्षेत्र कोल्हापूर, सांगली, सातारा.

आता नीरा नदीच्या काठावर उभे राहा. अलीकडे शिरवळ, सातारा जिल्हा. पलीकडे पुणे जिल्हा. अलीकडच्या कॉलेजातून बारावी झालेली मुलगी शिवाजी विद्यापीठाची, पलीकडून झालेला मुलगा पुणे विद्यापीठाचा. पर्सेंटाइल सातही घरं सारखा असला तरी दोघं वेगळ्या चौकोनात जातात आणि कटऑफ दोघांना वेगळे लागू होतात. आणि हे गावावरून ठरत नाही बरं का! महाराष्ट्रात दहावी-बारावी केलेल्या मुलांचं 'होम' बारावी जिथून झाली त्या ठिकाणावरून ठरतं. साताऱ्याचा मुलगा अकरावी-बारावीला पुण्याला ठेवला की रेशनकार्ड साताऱ्याचं राहतं, पण प्रवेशाच्या यादीत तो पुण्याचा होतो. दोन वर्षांपूर्वी हॉस्टेल बघताना घेतलेला निर्णय एका अक्षराच्या रूपाने अचानक समोर येऊन उभा राहतो. अकरावीचं कॉलेज निवडताना हा विचार फार थोडी घरं करतात. करायला हवा.

इथवर रांगा झाल्या. आता खरी करामत, जागावाटप. लाखभराहून जास्त मुलं, प्रत्येकाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरायची मुभा, शेकडो कॉलेजं, प्रत्येक कॉलेजात अनेक शाखा, प्रत्येक शाखेत डझनभर प्रकारच्या जागा. कोणावर अन्याय न होता हे सुटेल तरी कसं?

१९६२ सालीच, म्हणजे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ उभं राहत होतं त्याच वर्षी, अमेरिकेत डेव्हिड गेल आणि लॉईड शॅपली या दोन गणितज्ञांनी जेमतेम सात पानांचा एक लेख छापला. विषय होता कॉलेज प्रवेश आणि लग्न! त्यांची युक्ती शाळकरी मुलालाही कळेल. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजाकडे जातो. कॉलेज त्यातले वरचे ठेवून घेतं, पण तात्पुरते. बाकीचे दुसऱ्या पसंतीकडे जातात. तिथे त्यांच्यापैकी कोणी आधी ठेवलेल्यांपेक्षा वरचढ निघाला, तर आधीचा खाली उतरतो आणि आपल्या पुढच्या पसंतीकडे निघतो. असं करत करत कोणालाही हलायची गरज उरली नाही की सगळे तात्पुरते होकार एकदम पक्के. त्यांनी सिद्ध केलं की ही ये-जा नेहमी थांबते, आणि थांबते तेव्हा तक्रारीला जागा नसते. म्हणजे 'मला हवी असलेली जागा माझ्या मागच्याला मिळाली' असं एकही मूल म्हणू शकत नाही. लाखभर मुलांत एकही नाही!

याची गंमत पुढे आहे. १९८४ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्या लक्षात आलं की अमेरिकेतल्या शिकाऊ डॉक्टरांना इस्पितळं वाटून देणारी यंत्रणा १९५० च्या दशकापासून जवळजवळ हीच युक्ती वापरत होती. गणितज्ञांनी सिद्ध करायच्या आधीच लोकांनी चुकत-माकत ती शोधून काढली होती. २०१२ मध्ये रॉथ आणि शॅपली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल त्याआधी चार वर्षं वारले होते. आणि २०१५ पासून आपल्या देशात आयआयटी आणि एनआयटींचं एकत्रित जागावाटप ह्याच तात्पुरत्या होकाराच्या पद्धतीवर चालतं.

आपल्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांत, तर गोष्ट आणखी सोपी होते, कारण इथे कॉलेजला स्वतःची आवड-निवड नसते. सगळ्या कॉलेजांपुढे सीईटी सेलची एकच मेरिट यादी. मेरिट नंबर आला की तुमचा ऑप्शन फॉर्म वरून खाली वाचायचा, तुम्हाला लागू असलेल्या जागांपैकी पहिली शिल्लक जागा द्यायची, आणि पुढच्या नंबराकडे जायचं. अमेरिकेत मुलाच्या प्रवेशासाठी निबंध, शिफारसपत्रं आणि मुलाखती जमवणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा. तिथे 'चान्स किती' याचं उत्तर प्रवेश समितीत बसलेल्या माणसांच्या मतावर टेकलेलं असतं. आपल्याकडे कोणाचं मतच नाही. जे काही अनिश्चित आहे, ते फक्त तुमच्या पुढच्या मुलांच्या फॉर्ममध्ये आहे.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. या पद्धतीत खोटं बोलून काहीही मिळत नाही!

गावोगावच्या नेट कॅफेत एक सल्ला हमखास ऐकू येतो, "अहो, पुण्याचं सीओईपी पहिलं टाकू नका, ते मिळणार नाहीच आणि वालचंदही हातचं जाईल." हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो किती मुलांना किती वर्षं महाग पडला असेल, या विचाराने जीव तुटतो. तुमचा नंबर येतो तेव्हा सीओईपी भरलेलं असेल तर यंत्र ते ओलांडून खालच्या ओळीवर जातं. त्या निमिषात मधून कोणीही तुमच्यापुढे घुसत नाही. वालचंद पहिलं लिहिलं काय नि पाचवं लिहिलं काय, वरचे चार मिळत नसतील तर वालचंदमधली तुमची शक्यता कणभरही बदलत नाही. १९८१ मध्ये लेस्टर ड्युबिन्स आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी गेल-शॅपलीच्या पद्धतीबद्दल हे सिद्ध केलं की विद्यार्थ्याने आपला खरा पसंतीक्रम लिहिणं हीच त्याची सगळ्यात चांगली चाल. लेखाच्या शीर्षकात त्यांनी कारस्थानी राजकारणाचा महागुरू मॅकियाव्हेली याचंच नाव घातलं होतं!

सगळ्याच पद्धती अशा सरळ नसतात. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या शाळांत जुनी पद्धत होती, तिथे आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंती बघून जागा कायमच्या वाटून टाकत. पहिली पसंती चुकली की दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरलेली. तिथे नेट कॅफेतला तो सल्ला बरोबर ठरला असता. धूर्त पालक डाव टाकत, साधे पालक हरत. २००५ मध्ये बॉस्टनने ती पद्धत टाकून दिली आणि तात्पुरत्या होकाराची घेतली.

मग शक्यतेचा अंदाज लावायचा कशाला, असं कोणी विचारेल. दोन कारणं. एक, यादी किती खोल न्यायची ते कळायला हवं. दुसरं जरा वेळाने सांगते.

समजा माण तालुक्यातली एक मुलगी आहे, मेरिट नंबर ९,१००. तिला हव्या असलेल्या शाखेचा तिच्या रांगेतला शेवटचा नंबर गेल्या तीन वर्षांत ८,२००, मग ९,६००, मग ८,९०० वर थांबला, असं धरू. हे आकडे फक्त समजुतीसाठी. तीनपैकी एका वर्षी तिचा नंबर लागला असता. मग शक्यता एक-तृतीयांश म्हणायची का? ढोबळ मानाने म्हणता येईल. पण आता ती म्हणते, "अशा दहा शाखा लिहिते, प्रत्येकीत एक-तृतीयांश शक्यता आहे, एक तरी लागेलच की." साध्या गणिताने दहापैकी निदान एक लागण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या वर जाते. किती दिलासा! आणि किती फसवा! कारण या दहा शक्यता सुट्या नाहीत. यंदा मुलं जास्त बसली किंवा सगळ्यांचा ओढा कॉम्प्युटरकडे आणखी वाढला, तर दहाही चौकोनांतला कटऑफ एकदमच सरकतो. एक हुकलं की उरलेली नऊही बहुतेक हुकतात. म्हणून दहा 'कदाचित' जोडून एक 'नक्की' होत नाही. यादीच्या तळाशी दोन-तीन ठिकाणं अशी हवीत की जिथे गेल्या सगळ्या वर्षांत आपला नंबर आरामात आत राहिला असता. क्रम खराच ठेवायचा, फक्त यादी तिथवर न्यायची.

बरं, मागच्या वर्षीच्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा? इथेही चौकोनागणिक उत्तर वेगळं. साठ जागांच्या शाखेत एनटी-सी, म्हणजे पीडीएफमधल्या एनटी२, प्रवर्गाला साडेतीन टक्के, म्हणजे जेमतेम दोन जागा. त्यातली एक मुलींसाठी गेली की जीएनटी२ च्या चौकोनात उरली एकच. एकच मूल! त्या मुलाने ऐनवेळी दुसरी शाखा वर लिहिली असती, तर अख्खा कटऑफ हजारभर नंबरांनी इकडचा तिकडे झाला असता. त्याउलट खुल्या रांगेत वीस-बावीस जागा असतील तर एकट्या-दुकट्याच्या मनाने शेवटचा नंबर फारसा हलत नाही, वर्षावर्षाला तो जवळपास तिथेच येऊन थांबतो. दोन्ही आकडे एकाच ओळीत, एकाच टाइपात, सातही घरांसकट छापलेले असतात, पण एकात वीसएक जणांचा कल आहे आणि दुसऱ्यात एका पोराची आवड. जत, आटपाडी, माण, खटावच्या ज्या घरांत हा दुसरा चौकोन बघितला जातो, त्यांनी एका वर्षाच्या आकड्यावर हरखू नये आणि खचूही नये. चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत.

शिवाय फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीनंतर कटऑफ खाली का उतरतो? कारण वर कुठेतरी एक मूल उठून गेलं. समजा पुण्यातली जागा सोडून कोणी एनआयटीला गेलं. ती जागा घ्यायला सांगलीहून एक मुलगी सरकली. तिच्या जागी कराडचा एक मुलगा आला. त्याच्या जागेवर साखराळ्याच्या राजारामबापू कॉलेजातली एक मुलगी, आणि तिच्या जागेवर बुधगावहून आणखी एक जण. एकाने देशाच्या दुसऱ्या टोकाला बॅग भरली आणि चौघं, एकमेकांना न ओळखणारी, आपापल्या यादीत एकेक पायरी वर चढली! हॅरिसन व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० मध्ये अशा साखळ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने अभ्यास केला होता चर्चच्या पाद्र्यांच्या बदल्यांचा. एक पाद्री निवृत्त झाला की रिकामी जागा कशी गावोगाव फिरत जाते, याचा.

आता ते राहिलेलं दुसरं कारण. २०२५ च्या नियमांनुसार कॅपच्या चार फेऱ्या झाल्या, आणि त्यात एक बारीक अट होती. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यायचाच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही मिळाला, तरी घ्यायचाच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. घेतला की पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. इथे त्या सुंदर प्रमेयाला किंचित तडा जातो. एकाच फेरीपुरतं बघितलं तर खरा क्रम लिहिणं हीच सर्वोत्तम चाल. पण दुसऱ्या फेरीत तिसरी पसंती हाती आली की तिसऱ्या फेरीत पहिली मोकळी होईल का, याची वाट पाहता येत नाही. म्हणून मागच्या वर्षीच्या फेरीवार याद्या काढून बघायच्या. हवी ती शाखा फेरीगणिक किती नंबरांनी खाली उतरली? दहा-वीस नंबरांनी की हजारभर? खरी आकडेमोड इथे आहे, आणि घरोघरी जो वेळ 'पहिलं काय टाकू' यात जातो, तो इथे लावला तर सत्कारणी लागेल. नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेत छापून येतात आणि बदलतातही, तेव्हा यंदाचे वाचूनच.

जागा किती, हा सौद्याचा दुसरा अर्धा भाग राहिला. या दोन जिल्ह्यांत त्या आल्या कुठून? १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी सांगलीत नवीन इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेही एकट्या सिव्हिल शाखेचं. १९५५ मध्ये त्याला उद्योगपती वालचंदांचं नाव लागलं. १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. मग १९८३. सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, आणि त्याच वर्षी साखराळे, बुधगाव इथे कॉलेजं उभी राहिली. आसपासच्या गावांतली मुलं घरचा डबा खाऊन इंजिनिअर होऊ लागली. आणि अलीकडे, २०२४ पासून, एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने चांगल्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांची वरची मर्यादाच काढून टाकली. ज्या शाखेत साठ होत्या तिथे एकशेवीस झाल्या, तर तिचा मागच्या वर्षीचा कटऑफ कागदावरच राहतो. म्हणून कटऑफच्या आधी यंदाचा जागांचा तक्ता उघडायचा. फेरीपूर्वी तो जाहीर होतोच.

आणि तरीही दरवर्षी राज्यात हजारो जागा रिकाम्या राहतात. एकीकडे सातव्या घरासाठी झटापट, दुसरीकडे मोकळे बाक! वाटपाची पद्धत बदलली तर भरतील का त्या? रॉथ यांनी १९८६ मध्ये याचंही उत्तर देऊन ठेवलंय, आणि ते थक्क करणारं आहे. अमेरिकेतल्या खेडोपाडीच्या इस्पितळांना शिकाऊ डॉक्टर मिळत नसत. रॉथ यांनी सिद्ध केलं की तक्रारीला जागा न ठेवणारं वाटप कोणत्याही प्रकारे करा, ज्या इस्पितळाच्या जागा एका वाटपात रिकाम्या राहतात, त्याच्या तेवढ्याच जागा प्रत्येक वाटपात रिकाम्या राहतात. तेवढ्याच! एकही कमी-जास्त नाही. त्या भरायच्या तर मुलांची पसंतीच बदलावी लागते.

ती बदलतेही, फक्त सावकाश. वालचंदच्याच याद्या बघा. ज्या सिव्हिल शाखेने ते कॉलेज सुरू झालं, तिचा शेवटचा मेरिट नंबर आज कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या नंबराच्या कितीतरी मागे जाऊन थांबतो. पत्ता तोच विश्रामबागचा, मेरिट यादीही तीच. मधल्या काळात बदलली ती फक्त मुलांची पसंती.